दंतधावन आणि मिसरी

चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दंतधावन सांगितले आहे. मात्र हिरड्यांस इजा होऊ नये, अशी अटही तेथेच घातलेली आहे. सुश्रुतसंहितेने दंतकाष्ठाची लांबी १२ अंगुले व जाडी करंगळीएवढी सांगून कडू वृक्षांत निंब व तुरट वृक्षांत खदिर श्रेष्ठ मानला. अर्थात दंतशुद्धीइतकेच हिरड्यांचे रक्षणही या विधीचे प्रयोजन होते. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आल्यानंतर, कालांतराने, ती भाजून केलेली मिसरी दातांस लावण्याची चाल महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, रूढ झाली. विधीचे निमित्त राहिले, प्रयोजन मात्र लोपले. मिसरी हिरड्यांस अपायकारक व मुखाच्या कर्करोगास कारण ठरली. १९९२ मध्ये केंद्र शासनाने दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास मनाई केली. घरच्या तव्यावर भाजलेली मिसरी त्या मनाईच्या कक्षेबाहेरच राहिली.