घरातला एमसीबी सारखा पडतो? विजेचा लोड वाढवताना काय बदलायचं आणि काय अजिबात नाही

गीझर चालू असताना कोणीतरी इंडक्शन लावलं आणि अख्ख्या घराची लाईट गेली, हे बहुतेकांच्या घरी झालंय. त्यात आता एसी आला, काहींकडे इलेक्ट्रिक गाडी आली. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातलं वायरिंग १५-२० वर्षांपूर्वीचं आहे आणि ते करताना हा लोड कोणी धरलाच नव्हता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वायरमन नाही. पण गाडीच्या चार्जरसाठी घरचा डीबी बदलून घेताना हा विषय नीट समजून घ्यावा लागला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं बेसिक इलेक्ट्रिकल अखेर कामाला आलं! तेच इथे सोप्या भाषेत सांगतोय.

डीबी म्हणजे काय?

डीबी म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजेच घरातली एमसीबीची पेटी. वीज आपल्यापर्यंत अशी येते: खांबावरून किंवा बिल्डिंगच्या मीटर रूममधून येणारी केबल, मीटर, मेन स्विच, डीबी, प्रत्येक सर्किटचा एमसीबी, भिंतीतली वायर आणि शेवटी स्विचबोर्ड. यातल्या प्रत्येक गोष्टीची किती करंट सोसायचा याची मर्यादा ठरलेली असते. जी सगळ्यात कमजोर, तीच त्या लाइनची खरी मर्यादा. म्हणून फक्त पेटी बदलून लोड वाढत नाही.

आधी आपल्या घराचं गणित करा

आपल्याकडे घरगुती सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा असतो. उपकरणावर लिहिलेल्या वॉटना २३० ने भागलं की साधारण अँपिअर मिळतात.

• साठवणीचा गीझर: २००० वॉट, म्हणजे ८.७ अँपिअर
• इंडक्शन: २००० वॉट, ८.७ अँपिअर
• दीड टनाचा एसी: सुमारे १५०० वॉट, ६.५ अँपिअर
• इस्त्री: १००० वॉट, ४.३ अँपिअर
• फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, वायफाय मिळून: सुमारे ५०० वॉट, २.२ अँपिअर

सगळं एकदम चाललं तर ७००० वॉट, म्हणजे साधारण ३० अँपिअर. त्यात इलेक्ट्रिक कारचा ३.३ किलोवॅटचा चार्जर लावला की आणखी १४ अँपिअर. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर तर एकटाच ३१ अँपिअर घेतो, आणि तोही तासन्‌तास. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी रात्रभर चार्ज होते. वायर तापण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

फक्त ई-स्कूटर असेल तर फार घाबरू नका. तिचा घरचा चार्जर साधारण इस्त्रीइतका लोड घेतो. तिथे चांगला पॉइंट आणि नीट अर्थिंग बघा, बहुतेक वेळा डीबीला हात लावावा लागत नाही.

सगळ्यात धोकादायक सल्ला: ‘मोठा एमसीबी टाकू’

एमसीबी सारखा पडतो म्हटल्यावर आमच्याकडे आलेल्या वायरमनकाकांनी लगेच उपाय सांगितला: “१६ चा काढून ३२ चा टाकतो, परत पडणार नाही.” बाबांनाही ते पटलं. पाच मिनिटांचं काम आणि खर्चही किरकोळ. मी एवढंच विचारलं, “काका, आतली वायर किती एमएमची आहे?” ती निघाली अडीचची. तिथेच विषय संपला.

कारण एमसीबी उपकरणाला वाचवायला नसतो, तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. पाइपातून नेलेल्या तांब्याच्या पीव्हीसी वायरची क्षमता साधारण अशी धरतात:

• १.५ चौ. मिमी: १३ अँपिअर
• २.५ चौ. मिमी: १८ अँपिअर
• ४ चौ. मिमी: २४ अँपिअर
• ६ चौ. मिमी: ३१ अँपिअर

आता गंमत बघा. घरगुती एमसीबी त्याच्या आकड्याच्या वर गेल्या गेल्या पडत नाही. मानकानुसार १.१३ पट करंटला तो तासभर पडायचा नसतो आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर आरामात जाऊ देईल. अडीचची वायर १८ ची. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वरचं प्लास्टिक मऊ पडतं, जळतं आणि शॉर्टसर्किट होतं. हे सगळं प्लास्टरच्या आत, आपल्याला दिसत नाही. म्हणून एमसीबी पडणं थांबलं याचा अर्थ प्रॉब्लेम सुटला असा होत नाही.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर आणखी जपा. तिची क्षमता तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी असते आणि जोड सैल होऊन तापतात.

मग योग्य पद्धत कोणती?

१. जड उपकरणाला स्वतंत्र लाइन. गीझर, एसी, इंडक्शन, गाडीचा चार्जर यांची प्रत्येकी डीबीपासून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी. आमच्या घरचा अर्धा प्रॉब्लेम एवढ्यानेच सुटला, कारण गीझर आणि स्वयंपाकघर एकाच एमसीबीवर होतं.

२. आधी वायर, मग एमसीबी. अडीचला १६ चा, चारला २० चा. चार्जर कंपनीने यापेक्षा जाड वायर सांगितली असेल तर तीच घाला.

३. आरसीसीबी बसवा. आत जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का, हे तो बघतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी एवढी गळती झाली की वीज तोडतो. माणसाला शॉक बसतो तेव्हा जीव वाचवणारा हाच. साधा एमसीबी ते करत नाही. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा.

४. अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन आहे म्हणजे तिच्यामागे अर्थिंग आहेच असं नाही.

५. डीबीत दोन-तीन जागा रिकाम्या ठेवा. पुढच्या एसीच्या वेळी पेटी परत बदलावी लागणार नाही.

मंजूर भार कसा वाढवायचा?

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो ३ असेल आणि वापर ७ च्या घरात जात असेल तर भार वाढवून घेणं गरजेचं आहे, कारण मीटर आणि येणारी केबल त्या हिशोबाने दिलेली असते. अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरून करता येतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, जी तुमची कंपनी असेल तिच्याकडे करायचा. भार वाढला की सुरक्षा ठेवीतला फरक भरावा लागू शकतो.

भार खूप जास्त असेल तर थ्री फेज घ्यावं लागतं. त्यात लोड तीन फेजमध्ये वाटला जातो, पण स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्त असतो. गाडी घरच्या सध्याच्या कनेक्शनवर चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये केबल न्यायची असेल तर मात्र आधी सोसायटीशी बोला.

हे स्वतः करू नका

यूट्यूब बघून बल्ब होल्डर बदलणं वेगळं आणि डीबी उघडणं वेगळं. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला, मीटरकडून येणाऱ्या वायरमध्ये वीज असतेच. मीटरचं सील तर कधीच तोडायचं नाही. काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.

त्याला बोलावण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढून ठेवा: डीबीचा (एमसीबीवरचे आकडे दिसतील असा), मीटरचा आणि बिलावरच्या मंजूर भाराचा. मग एक-एक एमसीबी पाडून कोणत्या खोलीतलं काय बंद होतं ते लिहा आणि तो कागद डीबीच्या झाकणावर चिकटवा. अर्ध्या तासाचं काम आहे. कॉन्ट्रॅक्टरला नेमकं काय हवंय ते सांगता येईल आणि “मोठा टाकू” म्हणणाऱ्याला “वायर किती एमएमची?” हे विचारता येईल.