परिसर-चलांचा वारसा आणि नोड

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजेच परिसर-चल, ही संकल्पना बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) अवतरली. जनक प्रक्रियेने नाव-मूल्यांच्या जोड्या अपत्य प्रक्रियेस द्याव्यात, असे तिचे स्वरूप. २००९ साली रायन डाल यांनी रचलेल्या नोडने हा वारसा ‘प्रोसेस.एन्व्ह’ या नावाने स्वीकारला. त्यातील प्रत्येक मूल्य अक्षरमालाच असल्याने ‘फॉल्स’ हा शब्दही अटीत सत्य ठरतो. परवलीचे शब्द प्रोग्रॅममध्ये लिहू नयेत, ते परिसरात ठेवावेत, असा आग्रह २०११ च्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ सूत्रांनी धरला. त्यासाठी ‘.एन्व्ह’ फाइल वाचणारे ‘डॉटएन्व्ह’ पॅकेज रूढ झाले; २०२३ मध्ये नोडच्या २०.६ आवृत्तीने ती सोय अंगभूत केली. तथापि ती फाइलच प्रोग्रॅमसोबत संग्रहात गेली, तर टाळू पाहिलेला दोष पुन्हा ओढवतो.