रविवारची शिकवणी आणि एक पुराण

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपल्याला साधारण वर्षातून एकदा आठवतं. २७ फेब्रुवारीला. मराठी भाषा दिनाचे जे फॉरवर्ड्स येतात त्यात एखादा तरी असतोच, की चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्र्याने मराठीची अशी स्तुती केली, आणि आपण मात्र मुलांना इंग्लिश मिडियममधे घालतो वगैरे वगैरे. खाली त्या प्रसिद्ध ओव्या. आपण अंगठा दाखवतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो.

त्या ओव्या ज्या पुस्तकातल्या आहेत ते 'क्रिस्तपुराण' मात्र फारसं कुणी उघडत नाही. उघडलं तर सुरुवातीलाच एक प्रसंग भेटतो. माझ्या मते स्तुतीच्या ओव्यांपेक्षा तो जास्त विचार करायला लावणारा आहे. आजचा लेख त्या प्रसंगाबद्दल.

प्रसंग साधा आहे. साष्टीतलं एक चर्च (ही गोव्याची साष्टी, ठाण्या-मुंबईची नव्हे). रविवार, प्रार्थना आटोपली आहे. पाद्रीबाबा गावातल्या मुलांना धर्माचे धडे देत बसले आहेत. तिथे एक ब्राह्मण येतो. तोही आता ख्रिस्ती झालेला. तो अदबीने म्हणतो, की बाबा, तुम्ही हे शिकवता ते चांगलंच आहे. पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं एखादं पुराण का देत नाही? या मागणीतून क्रिस्तपुराण सुरू होतं आणि जवळपास ११ हजार ओव्यांनंतर संपतं. (तुलनेसाठी, ज्ञानेश्वरी सुमारे ९ हजार ओव्यांची.)

हा प्रसंग शब्दशः घडला की कवीने रचला, हा प्रश्न बाजूला ठेवू. पुराणाला श्रोता आणि वक्ता लागतोच, त्यामुळे ती एक रीतही आहे. पण स्टीफन्सने स्वतःच्याच पुस्तकात, स्वतःच्याच शिकवणीतली उणीव एका श्रोत्याच्या तोंडून सांगितली आहे. काय कमी होतं त्या शिकवणीत?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. हातात घंटा घेऊन तो रस्त्याने फिरायचा, मुलांना आणि गुलामांना गोळा करायचा आणि चर्चमधे नेऊन प्रार्थना, दहा आज्ञा, श्रद्धेची सूत्रं त्यांच्याकडून घोकून घ्यायचा. पुढे तमिळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात त्याने हेच केलं आणि मुलांना सांगितलं, आता हे घरी जाऊन आईबापांना शिकवा. म्हणजे मूल हा घरात शिरायचा दरवाजा. १५५६ मधे गोव्यात छापखाना आला, आणि १५५७ मधे तिथे झेवियरची 'दौत्रीन' म्हणजे धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ही दौत्रीन म्हणजे आजच्या आपल्या भाषेत एफएक्यू. देव किती? त्याने काय निर्माण केलं? पाप म्हणजे काय? प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. ज्याने कुणी एफएक्यू लिहिलाय त्याला त्याचे फायदे माहीत असतात. कोणीही शिकवू शकतो, सगळीकडे एकच उत्तर मिळतं, आणि परीक्षा घेणं सोपं. तोटा एकच. प्रॉडक्ट ज्याला आधीच हवंय त्यालाच एफएक्यू उपयोगी पडतो. रात्री निजताना कुणी कुणाला एफएक्यू वाचून दाखवत नाही.

आता बायबल स्वतः एफएक्यू नाही. ते गोष्टींनी खच्चून भरलंय. नोहाचं तारू आहे, भावांनी विकलेला योसेफ आहे, दावीद आणि गल्याथ आहेत, घर सोडून गेलेला आणि परत आलेला मुलगा आहे. मग मुलांना सरळ त्या गोष्टीच का नाही दिल्या? एक कारण युरोपातलं. तिकडे प्रोटेस्टंटांनी बायबल लोकभाषेत आणून घरोघरी दिलं होतं, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून कॅथलिक चर्चने १५६४ च्या नियमांनुसार लोकभाषेतलं बायबल वाचायलाच परवानगी लागेल असं ठरवलं. त्यामुळे साष्टीतल्या मुलाच्या हातात त्याच्या भाषेतलं बायबल पडण्याची शक्यता नव्हती. मराठीत नवा करार छापून आला तो थेट १८११ साली, तोही बंगालमधल्या सेरामपूरला, विल्यम कॅरीच्या प्रोटेस्टंट मिशनकडून.

दुसरं कारण जास्त जवळचं आणि जास्त कडू. ज्या मुलांना शिकवायचं ती कुठून आली होती? बारदेश आणि साष्टी १५४३ मधे पोर्तुगीजांकडे आले. १५५९ मधे राजाचा हुकूम निघाला की बाप वारलेली हिंदू मुलं ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. १५६० मधे इन्क्विझिशन आलं. १५६७ मधे साष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली, आणि त्याच वर्षी गोव्यातल्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या ग्रंथांवर, उत्सवांवर निर्बंध आणले. १५८३ मधे कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेज्विटांना मारलं. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार केलं.

हे सगळं घडलेल्या साष्टीत स्टीफन्स राहिला. जन्म १५४९, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तिथे कॅथलिक राहणं कठीण, म्हणून तो रोमला जाऊन जेज्विट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मधे गोव्यात पोचला. उरलेली चाळीस वर्षं, १६१९ मधे मरेपर्यंत, तो बहुतेक काळ साष्टीतच होता. इथे त्याला पाद्री एस्तेव्हांव म्हणत. १५८३ मधे भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल हेच सांगून नाव कमावलं ते दोनशे वर्षांनी, १७८६ मधे!

तर आता त्या ब्राह्मणाची मागणी परत ऐकू. तो असं म्हणत नाही की तुमचा धर्म समजत नाही. तो म्हणतो, आमच्या गोष्टी गेल्या. ज्या गावात संध्याकाळी पुराण सांगितलं जात होतं, पोरं आजीच्या मांडीवर डोकं ठेवून प्रल्हाद ऐकत होती, त्या गावात आता ती वेळ रिकामी होती. रविवारच्या शिकवणीने तिथे पाठ केलेली उत्तरं ठेवली. पण रिकामी झालेली जागा उत्तरांची नव्हती, गोष्टींची होती.

स्टीफन्सला हे कळलं, आणि मला तो इथे ग्रेट वाटतो. त्याने दोन पुस्तकं केली, दोन वेगळ्या भाषांत. मुलांच्या घोकंपट्टीसाठी दौत्रीन लिहिली ती गुरू-शिष्याच्या संवादात, रोजच्या बोलीत, म्हणजे कोकणीत. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मधे राशोलला छापली गेली. गोष्टीसाठी मात्र त्याने मराठी घेतली, कारण गोव्यात घरात कोकणी असली तरी पुराणाची, ओवीची भाषा मराठी होती. शुद्ध मराठी सगळ्यांना कळणार नाही म्हणून तिच्यात इथल्या बोलीचे सोपे शब्द मिसळले, हेही तो प्रस्तावनेत सांगून टाकतो. पुराणाचे भागही दोनच: 'पैलें पुराण' म्हणजे जुना करार, सृष्टीच्या उत्पत्तीपासून, आणि 'दुसरें पुराण' म्हणजे ख्रिस्ताचं चरित्र. अध्यायांना तो अवस्वर म्हणतो. स्वर्गासाठी त्याच्याकडे शब्द आहे वैकुंठ. मधेमधे श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तरं देतात, अगदी आपल्या कीर्तन-पुराणात होतं तसं. फरक बघा. दौत्रीनमधे प्रश्न आधीच छापलेले असतात. पुराणात गोष्ट ऐकता ऐकता श्रोत्याला प्रश्न पडतो.

लिपीची कथा तर आपल्या लाईनमधल्या लोकांना फार ओळखीची वाटेल. स्टीफन्सला हे पुस्तक इथल्याच लिपीत छापायचं होतं. १६०८ मधे त्याने रोमला, जेज्विटांच्या मुख्याला पत्र लिहून परवानगी मागितली. अडचण अशी की जोडाक्षरं, काना-मात्रा धरून सुमारे ६०० साचे लागणार. ते २०० पर्यंत आणता येतील, असं त्याने सुचवलं होतं. ज्यांनी युनिकोडच्या आधी देवनागरी फॉन्टशी झटापट केलीय त्यांना हा हिशोब नवा नाही. पण तसा टाईप काही तयार झाला नाही. १६१६ मधे राशोलला पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. म्हणजे मराठीतला हा पहिला छापील मोठा काव्यग्रंथ वाचायला आपण ज्याला एसेमेस-मराठी म्हणायचो तसा होता.

पुराण चाललं. १६४९ आणि १६५४ मधे पुन्हा छापलं गेलं. चर्चमधे, घरांत ते गाऊन वाचलं जाई. आणि मग १६८४ मधे व्हाईसरॉय काँद द आल्व्होरने हुकूम काढला की लोकांनी देशी भाषा सोडाव्यात आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. म्हणजे ज्या माणसांची पुराणं आधी गेली, त्यांना दुसरं पुराण मिळालं, आणि आता त्या पुराणाची भाषाच नकोशी झाली! पहिल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आजवर सापडलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मंगळूरकडे नकला सांभाळल्या, आणि त्यांच्या आधारे जोसेफ सालदान्यांनी १९०७ मधे मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीत पूर्ण ग्रंथ पुण्यात आला १९५६ मधे, शांताराम बंडेलूंनी केलेला. छापखाना गेला, बॅकअप घरोघरी होता.

असाच एक उलटा बॅकअपही आहे. ज्या पुराणांवर बंदी होती त्यांच्या नकला जेज्विटांनी स्वतःच्या अभ्यासासाठी करून घेतल्या होत्या. लोकांना काय आवडतं, ते कसं सांगितलं जातं, हे कळायला नको का? रामायण-महाभारताच्या कोकणी गोष्टी आणि मराठी काव्य असलेल्या त्या रोमन लिपीतल्या वह्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. सोळाव्या शतकातलं कोकणी गद्य आपल्याला तिथून वाचायला मिळतं. ज्यांनी गोष्टी बंद केल्या, त्यांच्याच कपाटात त्या सुरक्षित राहिल्या.

मग या पुस्तकाचं करायचं काय? एक गट फक्त स्तुतीच्या ओव्या फॉरवर्ड करतो, मागचं काहीच सांगत नाही. दुसरा म्हणतो, हे धर्मांतराचं हत्यार, त्याचं कसलं कौतुक. मला दोन्ही अर्धवट वाटतात. हत्यार होतं, हे पुस्तकच पहिल्या पानांत कबूल करतं. "तुम्ही आमची पुराणं बंद केलीत" हे वाक्य स्टीफन्सला गाळता आलं असतं. त्याने ते गाळलं नाही. पण ते पुस्तक फक्त पाद्र्याचं नाही, ज्याने मागितलं त्याचंही आहे. त्या माणसाने धर्म बदलला होता, किंवा त्याला बदलावा लागला होता. तरी आपल्या मुलांना गोष्ट मिळाली पाहिजे, ती ओवीत मिळाली पाहिजे आणि आपल्या पुराणाच्या भाषेत मिळाली पाहिजे, हा हट्ट त्याने सोडला नव्हता. ज्याच्याकडे मागायचं तो राज्यकर्त्यांच्या बाजूचा. तरीही त्याने मागितलं. पुढे मंगळूरकडच्या ज्या घरांनी नकला जपल्या, त्यांच्यासाठी ते कुणी लादलेलं पुस्तक उरलंच नव्हतं, ते त्यांचं पुराण होतं.

मुलांना धर्म शिकवणं सगळेच करतात. संस्कारवर्ग असो, मदरसा असो, संडे स्कूल असो. सगळीकडे उत्तरं पाठ करून घेणारा एक तास असतो आणि कधीकधी गोष्ट सांगणारं कुणीतरी असतं. साष्टीत या दोन्हींमधला फरक एका श्रोत्याने उठून सांगितला आणि शिकवणाऱ्याने तो लिहून ठेवला, म्हणून आपल्याला कळला.

असो. पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा एक दुपार बीचवरून काढा. मडगावहून राशोल जवळच आहे. तिथली सेमिनरी आणि चर्च अजून उभं आहे. हे पुराण तिथे छापलं गेलं. आणि जायच्या आधी लायब्ररीत बंडेलूंची आवृत्ती मिळाली तर स्तुतीच्या ओव्यांवर थांबू नका, थोडं पुढे वाचा. चार-पाच ओव्यांनंतर चाल आपोआप सापडते.