दोन मारुत

मारुत नावाची दोन विमानं आपल्याकडे होऊन गेली. पहिलं शिवकर बापूजी तळपदे यांचं ‘मरुत्सखा’, साल 1895, स्थळ गिरगाव चौपाटी. दुसरं ‘एचएफ-24 मारुत’, साल 1961, स्थळ बंगलोर. पहिल्याबद्दल तुम्हाला माहिती असणारच, कारण ते फॉरवर्ड अजून ज्याच्याकडे आलं नाही असा मराठी माणूस मला भेटलेला नाही. आमच्या वाशिमच्या शाळेच्या ग्रुपवर तर ते सणवार आल्यासारखं नेमाने येतं. दुसऱ्याबद्दल विचारलं की बहुतेकांना मारुती गाडी आठवते. :)

विमानांच्या इतिहासात विचित्र डिझाइन्सची काही कमी नाही. पण आपल्याच घरातलं सगळ्यात विचित्र आणि (माझ्या मते) सगळ्यात शहाणं प्रायोगिक विमान कोणतं, तर या दुसऱ्या मारुतचा एक लाकडी भाऊ होता, ते. त्याच्याकडे येतो. आधी चौपाटीवर जाऊ.

तळपदे हा माणूस खराच इंटरेस्टिंग. जन्म 1864 चा, मुंबईतला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी संबंध, संस्कृतचा अभ्यास, स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याचं वेड. गोष्ट अशी सांगतात की 1895 मध्ये त्यांनी माणूस न बसवता एक विमान चौपाटीवरून उडवलं, ते 1500 फूट वर गेलं आणि खाली आलं. बघायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर. विमान चालत होतं पाऱ्यावर. राइट बंधूंच्या आधी तब्बल 8 वर्षं!

खरं असतं तर मला आवडलंच असतं. पण आपण इंजिनिअर आहोत ना, मग थोडं तपासून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे पारा. पारा जळत नाही. म्हणजे तो इंधन नाही. बॉयलरमध्ये पाण्याच्या जागी पारा वापरता येतो आणि अमेरिकेत 1920 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने पाऱ्याच्या वाफेवर चालणारी टर्बाइन्स खरोखर चालवली होती. पण तो तापवायला खाली आग लागते, आगीला इंधन लागतं, आणि पाण्याच्या साडेतेरापट जड असलेला हा पदार्थ घेऊन आकाशात जायचं असतं. यावर काही लोक ‘आयन इंजिन’ म्हणतात. तेही खोटं नाही. नासाने 1970 साली ‘सर्ट-2’ नावाच्या उपग्रहावर पाऱ्याचं आयन इंजिन चालवलं. त्याचा जोर 28 मिलिन्यूटन. म्हणजे तीन ग्रॅमसुद्धा नाही, रुपयाच्या नाण्याहून कमी. अवकाशात, जिथे हवेचा अडथळा नाही आणि महिनोन्महिने वेळ आहे, तिथे हे उत्तम चालतं. चौपाटीवर त्याने एक चुरमुऱ्याचा पुडासुद्धा उचलला नसता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या काळात जगात काय चाललं होतं. कारण 1890 चं दशक हे विचित्र विमानांचा सुवर्णकाळच होतं. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर याने 1890 साली वटवाघळासारखे पंख लावलेलं वाफेचं विमान बनवलं, ते जमिनीपासून वीतभर उंचीवरून साधारण 50 मीटर गेलं. इंग्लंडमध्ये होरेशियो फिलिप्सने 1893 मध्ये एकावर एक असे 50 अरुंद पंख खिडकीच्या झडपांसारखे रचले आणि ते प्रकरण गोल रुळांवर फिरवलं. हायरम मॅक्सिम (हो, तोच, मशीनगनवाला) तर साडेतीन टनांचं धूड घेऊन आला. 180 हॉर्सपॉवरची दोन वाफेची इंजिनं, 100 फुटांहून लांब पंख. ते उडून जाऊ नये म्हणून त्याने रुळांच्या वरूनही अडसर लावले होते. 31 जुलै 1894 ला त्याने तो अडसरच तोडला. मॅक्सिमने लगेच वाफ बंद केली. इंजिन होतं, जोर होता, पण हवेत गेल्यावर ते धूड वळवायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि मग सॅम्युअल लँगली. 6 मे 1896, वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर त्याचं माणूस नसलेलं वाफेवरचं विमान सुमारे एक किलोमीटर उडालं. तळपद्यांचा जो दावा आहे जवळजवळ तसाच प्रयोग, एकाच वर्षानंतर! तिथे साक्षीदार म्हणून टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल होते आणि त्यांनी फोटो काढला. तो फोटो आजही बघायला मिळतो. मरुत्सखाच्या फॉरवर्डमध्ये केसरीचं नाव असतं, पण अंकाची तारीख कधी नसते.

तिसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा जो ग्रंथ भारद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो, त्याची तपासणी 1974 साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी केली. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू. ग्रंथाची थट्टा करणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी त्यातली शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ही चारही विमानं घेतली, वजन, आकार, जोर सगळं मांडून बघितलं. निष्कर्ष असा की यातलं एकही उडू शकत नाही, उलट त्यातली इंजिनाची कल्पना उडायला मदत करण्याऐवजी विरोधच करेल. आणि ग्रंथ प्राचीन नाही, तो सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 च्या दरम्यान सांगून लिहून घेतलेला आहे. त्याच पेपरमध्ये तळपद्यांचा उल्लेख आहे. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या तळपद्यांनी काही मॉडेल्स बनवली, पण त्यातलं एकही उडालं नाही, असा. म्हणजे ज्या बाजूने पुरावा मिळायला हवा तिथूनच उलट साक्ष आली.

यात तळपद्यांची बदनामी नाही हो. मॅक्सिमचं उडालं नाही, फिलिप्सचं धड उडालं नाही, तरी जग त्यांना प्रयोग करणारी माणसं म्हणून मान देतंच की. आपण मात्र तळपद्यांना प्रयोगकर्ता राहूच दिलं नाही, थेट चमत्कार करणारा बाबा करून टाकलं. त्यांनी काय बांधलं, किती वेळा फसलं, काय बदललं याची काही नोंद उरली असती तर ती मी त्या 1500 फुटांपेक्षा आनंदाने वाचली असती.

आता दुसरा मारुत. पण त्याच्याआधी अजून एका मराठी माणसाची ओळख करून द्यायला पाहिजे, ज्याचं फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेलं नाही. विष्णू माधव घाटगे. जन्म 1908, कोल्हापूर संस्थानातल्या हसूरचे. विमानाच्या पंखाजवळून हवा कशी वाहते याचं आधुनिक शास्त्र ज्याने उभं केलं त्या लुडविग प्रांटलच्या हाताखाली जर्मनीत ग्योटिंगनला त्यांनी 1936 मध्ये डॉक्टरेट केली. थोडा विचार करा, तळपदे गेले 1916 च्या आसपास, आणि वीसच वर्षांत एक कोल्हापूरकर प्रांटलचा विद्यार्थी!

घाटगे 1940 मध्ये बंगलोरला नव्याने निघालेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्यांनी तिथे दहा सैनिक नेणारा एक ग्लायडर डिझाइन केला. इंजिन नसलेलं विमान. एकच बनलं, पुढे काही झालं नाही. स्वातंत्र्यानंतर ‘एचटी-2’ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान त्यांच्या टीमने केलं, ते ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. संपूर्ण भारतीय डिझाइनचं, मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं विमान म्हणजे हेच, 150 हून जास्त बनली. मग पुष्पक, कृषक, आणि 1964 मध्ये किरण. सूर्यकिरण पथकाच्या कसरती तुम्ही 2011 च्या आधी बघितल्या असतील तर घाटग्यांचं विमान बघितलंय. इंजिनं मात्र प्रत्येक वेळी परदेशी. हे लक्षात असू द्या.

1956 मध्ये नेहरू सरकारने कुर्ट टँक नावाच्या जर्मन डिझाइनरला बंगलोरला आणलं. दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ 190 याचंच. युद्धानंतर तो अर्जेंटिनात ‘पुल्की 2’ हे जेट बनवत होता, तिथे पेरोनची सत्ता गेली आणि त्याचं दुकान उठलं. हवाई दलाची मागणी होती आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानाची. बंगलोरच्या कारखान्यात तोवर आवाजाच्या वेगाच्या आसपास जाणारं काही बनलेलं नव्हतं. अशा जेटला लागणारी बरीचशी चाचणीची साधनंही नव्हती.

मग त्यांनी काय केलं? लाकडाचं मारुत बनवलं.

मॉडेल नव्हे, पूर्ण मापाचं! होणाऱ्या सुपरसॉनिक विमानाचाच आकार, मागे झुकलेले तेच पंख, तीच शेपटी, तशीच कंट्रोल्स, आत घेता येणारी चाकं, एअरब्रेक, आणि बसायला एकामागे एक दोन माणसं. फक्त इंजिन नाही. ‘एक्स-241’ असं त्याचं रुक्ष नाव. डकोटा या जुन्या पंख्याच्या विमानाला दोराने बांधायचं, डकोटाने ओढत वर न्यायचं, आणि दोर सोडायचा. मग आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं ते धारदार लाकडी पाखरू सरसर खाली येणार आणि वैमानिकाने ते सांभाळून धावपट्टीवर उतरवायचं. एप्रिल 1959 मध्ये सुरुवात झाली, वर्षभरात अशी 78 उड्डाणं झाली. मार्च 1960 मध्ये उतरताना पुढचं चाक बाहेर आलं नाही आणि ग्लायडरची मोडतोड झाली. तोवर पाहिजे ती माहिती हातात आलेली होती. मंद वेगात विमान कसं वागतं, उतरताना नाक किती वर ठेवायचं, कंट्रोल्स किती जड लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड तयार नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही, त्याची जागा मोकळी ठेवून बाकी सगळं तपासून घ्यायचं. हेच राइट बंधूंनी केलं होतं. 1900, 1901, 1902 अशी तीन वर्षं फक्त ग्लायडर, शेकडो वेळा वाळूच्या टेकडीवरून खाली. इंजिन सगळ्यात शेवटी, 1903 मध्ये. मॅक्सिमने बरोबर उलटं केलं होतं.

17 जून 1961 ला खरं मारुत उडालं, चालवलं सुरंजन दास यांनी. आणि पहिल्या दिवसापासून वैमानिक या विमानाच्या प्रेमात पडले. ते हाताला हलकं होतं, स्थिर होतं, जमिनीलगत सुसाट जायचं. लाकडी भावाची मेहनत फळाला आली म्हणा ना.

पण इंजिन. ब्रिटनचं ऑर्फियस 12 इंजिन धरून टँकने विमान आखलं होतं. रीहीटसकट 8170 पौंडांचा जोर. ब्रिटिशांनी मध्येच त्या इंजिनातला रस सोडला. पुढचं काम पूर्ण करायला भारताने पैसे द्यावेत असं आलं, रक्कम फार मोठी नव्हती, पण आपण दिले नाहीत. त्याच्या जागी बसलं ऑर्फियस 703, 4850 पौंडांचं. अशी दोन बसवूनही दुप्पट वेग सोडाच, मारुत आवाजाच्या वेगापाशीच अडकलं. विमानाचा सांगाडा दुप्पट वेगाचा आणि आत इंजिन बऱ्याच कमी जोराचं.

मग इंजिन शोधत वणवण सुरू झाली. त्यातला एक अध्याय तर कादंबरीत शोभेल. इजिप्तमध्ये नासर यांनी स्वतःचं लढाऊ विमान बनवायला घेतलं होतं, त्याचं इंजिन ‘ई-300’ फर्डिनांड ब्रँडनर हा ऑस्ट्रियन बनवत होता. त्यांच्याकडे इंजिन होतं पण ते आधी तपासायला विमान हवं होतं, आपल्याकडे विमान होतं पण इंजिन हवं होतं. लग्न जुळलं! 1967 मध्ये एक मारुत उडालं, ज्यात एका बाजूला ब्रिटिश ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूला इजिप्तचं ई-300. दोन वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या जोराची इंजिनं शेजारी-शेजारी. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायलशी युद्ध झालं, इजिप्तचा पैसा आणि उत्साह दोन्ही आटले, 1969 पर्यंत तो प्रकल्प बंद.

शेवटचा प्रयत्न घरचा होता. ऑर्फियसलाच रीहीट जोडून जोर वाढवायचा. 10 जानेवारी 1970 ला तसं मारुत घेऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास उडाले आणि उड्डाणानंतर लगेच झालेल्या अपघातात गेले. तुम्ही बंगलोरला नोकरी केली असेल तर सुरंजन दास रोडवरच्या ट्रॅफिकला शिव्या दिल्याच असतील. ते हे दास.

बाकी मग पटकन सांगतो. एकूण 147 मारुत बनली. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी जमिनीवरचे हल्ले उत्तम केले, आणि हवाई लढाईत एकही मारुत पडलं नाही. 1990 पर्यंत ती निवृत्त झाली. पुण्यात भांडारकर रोडजवळच्या कमला नेहरू पार्कात एक ठेवलेलं, मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक. जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयातही एक आहे, टँकमुळे. आमच्या वाशिमला विमान म्हणजे अजूनही खूप उंचावरून जाणारी पांढरी रेघच, त्यामुळे ही वारी ज्याची त्यालाच करावी लागते.

घाटगे 1991 मध्ये गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, 1989 मध्ये, पुढच्या भारतीय लढाऊ विमानासाठी देशी इंजिनाचं, ‘कावेरी’चं काम मंजूर झालं होतं. विमान तयार झालं, तेजस, आणि 4 जानेवारी 2001 ला उडालंही, अमेरिकन इंजिनावर. कावेरी 2008 मध्ये त्या प्रकल्पातून वेगळं केलं गेलं. 2021 मध्ये हवाई दलाने 83 तेजस मार्क 1ए ची ऑर्डर दिली, जनरल इलेक्ट्रिककडे इंजिनं मागवली गेली, आणि त्यातलं पहिलं इंजिन मिळालं मार्च 2025 मध्ये.