शिवणमंडळानं बोलावलेला वक्ता

मंडळी, फ्रेडरिक डग्लस यांचं ते गाजलेलं भाषण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. तारीख ५ जुलै १८५२. न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर शहर, तिथला कॉरिन्थियन हॉल. गुलामगिरीतून पळून आलेला एक माणूस व्यासपीठावर उभा राहतो आणि समोरच्या, बहुतेक गोऱ्या, श्रोत्यांना विचारतो की तुमच्या या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचा काय संबंध? पाच-सहाशे माणसं बसलेली होती. तिकीट बारा सेंट. भाषण संपल्यावर त्याची पुस्तिका काढावी अशी मागणी झाली आणि जागच्या जागी सातशे प्रतींची नोंदणीही झाली.

हे भाषण आज शाळाकॉलेजांत शिकवतात. पण मला आज भाषणाबद्दल फारसं बोलायचं नाहीये. माझा प्रश्न साधा आहे. त्यांना बोलावलं कुणी? हॉल कुणी ठरवला, तिकिटं कुणी विकली?

तर बोलावणाऱ्या संस्थेचं नाव होतं 'रॉचेस्टर लेडीज अँटी-स्लेव्हरी सोइंग सोसायटी'. आपल्या भाषेत सांगायचं तर गुलामगिरीविरोधी महिला शिवणमंडळ. हो, शिवणमंडळ! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मुद्रणदोष असेल.

तारखेचंही एक आहे. चार जुलैऐवजी पाच का? त्या वर्षी चार तारखेला रविवार आला होता. शिवाय न्यूयॉर्क राज्यात १८२७ साली गुलामगिरी संपली, तेव्हापासून तिथले काळे लोक पाच जुलैलाच आपला दिवस पाळत आलेले होते.

आता हे मंडळ स्थापन झालं १८५१ मध्ये. मोजक्याच बायका. अध्यक्ष सुझन पोर्टर, खजिनदार मरिया पोर्टर, पत्रव्यवहार बघायला अ‍ॅना बार्न्स. आणि सगळ्यांना धावतं ठेवणारी ज्युलिया ग्रिफिथ्स, जी इंग्लंडहून डग्लस यांच्या वर्तमानपत्राला मदत करायला आली होती. १८५१च का? कारण आदल्याच वर्षी, १८५० च्या सप्टेंबरात, पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कडक कायदा झाला होता. पळून आलेल्याला आसरा दिला तर हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. रॉचेस्टरपासून ऑन्टारिओ सरोवर जवळ, आणि पलीकडे कॅनडा. म्हणजे पळून येणाऱ्यांच्या वाटेवरचं हे शेवटचं मोठं गाव. बोटीचं भाडं, अंगावर कपडे, चार दिवसांचं खाणं, याला पैसा लागतो. तो आणायचा कुठून? त्या काळच्या मध्यमवर्गीय बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता वापरता येईल अशी एकच मिळकत होती. तिच्या हाताचं शिवण.

ही कल्पना त्यांनी शोधलेली नव्हती, तिला जवळजवळ वीस वर्षांची परंपरा होती. १८३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात स्वतंत्र काळ्या स्त्रियांनी आपली गुलामगिरीविरोधी संस्था काढली. ही पहिली, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट सांगताना नेहमी बॉस्टनच्या गोऱ्या बायकांपासून सुरुवात होते. बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या संस्था १८३३ च्या. १८३४ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये लिडिया मरिया चाइल्ड आणि लुईझा लोरिंग यांनी हातकामाच्या वस्तूंचा विक्री-मेळा भरवला. सुमारे तीनशे डॉलर जमले. मग तो नाताळच्या सुमारास दरवर्षी भरू लागला, आणि खेडोपाडीच्या शिवणमंडळांतून त्याच्यासाठी खोके भरभरून माल यायला लागला.

कामाची रीत सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखीच होती. कुणाच्या तरी घरी दुपारी जमायचं. बाकीच्या टाके घालतात, एकजण मोठ्यानं वाचते. वाचायचं काय, तर गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र, पळून आलेल्या माणसाची हकिगत, कायदेमंडळाकडे पाठवायच्या अर्जाचा मसुदा. झबलीटोपडी, अ‍ॅप्रन, शर्ट, गोधड्या. घरोघर मशीन यायला अजून अवकाश होता. सिंगरचं पेटंटच १८५१ चं. पुरुषाचा एक चांगला शर्ट हातानं शिवायचा म्हणजे साधारण चौदा तास जायचे. म्हणजे एका शर्टामागे बाईनं ऐकलेला मजकूर किती होत असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. मला तर वाटतं, या बैठका म्हणजे वाचनवर्गच होते, हात रिकामे नव्हते एवढंच.

वस्तूंवर मजकूरही असायचा. टाक पुसायच्या फडक्यावर लिहिलेलं, की गुलामगिरीचा डाग पुसून टाका. सुया ठेवायच्या छोट्या कापडी पुस्तकावर, की आमच्या सुयांनी मालकांच्या सदसद्विवेकाला टोचणी लागो. १८३६ च्या मेळ्यातली एक पाळण्यातली गोधडी अजून न्यू इंग्लंडमध्ये संग्रहात जपलेली आहे. चांदण्यांची नक्षी आहे, आणि मधल्या चांदणीत शाईनं कवितेच्या ओळी. तुझं बाळ तुझ्या कुशीत खेळत असताना, जिचं मूल विकलं गेलं त्या आईचा विचार कर, असा त्यांचा आशय. बाळाच्या अंगावर घालायच्या पांघरुणावर हे लिहायचं. रोज रात्री वाचलं जाणार.

पण हे सगळं गोडगोड होतं असं समजू नका. १८३५ च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या महिला संस्थेची सभा जमावानं उधळली. महापौरांनी बायकांना निघून जायला सांगितलं. त्या दोघी-दोघी हातात हात घालून, काळ्या-गोऱ्या बरोबर, जमावामधून चालत बाहेर पडल्या. गॅरिसन यांना त्याच दिवशी दोर लावून रस्त्यावरून फिरवलं. १८३८ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात सुमारे चाळीस हजार डॉलर खर्चून बांधलेला पेन्सिल्वेनिया हॉल उद्घाटनानंतर तीनच दिवसांत जाळून टाकला. तेव्हा तिथे बायकांचं अधिवेशन चालू होतं. आणि १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पाद्र्यांनी पत्रक काढलं होतं, की स्त्रियांनी व्यासपीठावरून बोलणं अशोभनीय आहे. रोख ग्रिमके भगिनींवर होता.

आता 'शिवणमंडळ' हे नाव का, ते लक्षात येईल. बाई भाषण करते म्हटलं की गाव पेटतं, बाई शिवायला जाते म्हटलं की कुणी हरकत घेत नाही. आपल्याकडेही हळदीकुंकवाच्या आडून काय काय झालं आहे, ते तुम्हाला सांगायला नको. काही वर्षांनी रॉचेस्टरच्या मंडळानं नावातला 'शिवण' हा शब्द गाळला. गरज उरली नसावी, हा माझा अंदाज.

एक अडचणीचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. या बायका शिवत होत्या ते कापड कशाचं? सुताचं. सूत कुठल्या कापसाचं? दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. क्वेकर पंथातल्या काहींनी गुलामांच्या श्रमाचा माल वापरायचाच नाही असं व्रत घेतलं. कापूस नाही, साखर नाही. वेगळी दुकानंही काढली. पण माल महाग, कापड जाडंभरडं, आणि मेळ्यात जाडंभरडं विकलं जात नाही. बहुतेक मंडळांनी डोळेझाक केली. मी त्यांना दोष देणार नाही, पण झाकूनही ठेवणार नाही. (याच कापसाची आवक पुढे यादवी युद्धात तुटली, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावानं गेला आणि मुंबईत शेअर्सचं वेड आलं. ती गोष्ट स्वतंत्र व्याख्यानाची.)

भांडणंही होतीच. रॉचेस्टरमध्ये आधीपासून गॅरिसन यांच्या विचारांच्या कार्यकर्त्या होत्या, त्यांचा स्वतःचा मेळा होता. डग्लस गॅरिसनपासून दुरावले, आणि नवं मंडळ डग्लस यांच्या बाजूचं. एकाच गावात दोन मेळे, गिऱ्हाइकं तीच! ग्रिफिथ्सबाईंवर तर छापून शिंतोडे उडवले गेले. १८५५ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या आणि तिथून पैसे गोळा करत राहिल्या. त्याआधी त्यांनी मंडळासाठी 'ऑटोग्राफ्स फॉर फ्रीडम' नावाचे दोन संग्रह संपादित केले. नामवंतांचं लेखन, खाली त्यांची सही. डग्लस यांची एकमेव कथा पहिल्यांदा त्यातच आली.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते त्यांचे जमाखर्चाचे कागद. मंडळाची कागदपत्रं आज मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहेत. वर्तमानपत्राला इतके दिले, कॅनडाला निघालेल्याला इतके दिले. म्हणजे ज्या कामासाठी हजार डॉलर दंड होता, त्याची नोंद या बायका पै-पैशानिशी ठेवत होत्या, आणि अहवालात छापतही होत्या. माझी आई आमच्या गावच्या महिला मंडळाची खजिनदार होती. ती म्हणायची, वही चोख असली की माणूस कुणाला घाबरत नाही. मला तिची आठवण येते हे वाचताना.

१८६१ मध्ये युद्ध सुरू झालं. मंडळ बंद पडलं नाही. १८६२ मध्ये त्यांनी ज्युलिया विल्बर या शिक्षिकेला आपली प्रतिनिधी म्हणून व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला पाठवलं. तिथे मुक्त झालेली माणसं हजारोंनी येत होती. थंडीत अंगावर कपडा नाही, राहायला जागा नाही. विल्बर पत्रं लिहायच्या आणि रॉचेस्टरहून कपड्यांचे खोके जायचे. १८६३ च्या जानेवारीत तिथे हॅरिएट जेकब्स आल्या, आणि दोघींनी बरोबर काम केलं. जेकब्स स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या. मालकापासून सुटण्यासाठी आजीच्या घरातल्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिल्या होत्या. उभं राहता येत नाही एवढी जागा. भोकातून येणाऱ्या उजेडात त्या वाचायच्या आणि शिवायच्या. नाताळात आपल्या मुलांसाठी नवे कपडे त्यांनी तिथे बसून शिवले आणि मुलांना ते कुणी शिवले हे कळू दिलं नाही. रॉचेस्टरच्या दिवाणखान्यातली सुई आणि या माळ्यावरची सुई, दोन्हींचा इतिहास एका दमात सांगू नये असं मला वाटतं. पण अलेक्झांड्रियात त्या एकाच खोक्यातले कपडे वाटत होत्या, हेही खरं.

आता पुण्याला या. १८७३. जोतीराव फुले 'गुलामगिरी' अर्पण करतात ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. आपण ही अर्पणपत्रिका वाचतो तेव्हा डोळ्यासमोर लिंकन येतात. जोतीरावांनी एका माणसाचं नाव घेतलेलं नाही, त्यांनी लोक म्हटलं आहे. त्या लोकांत सुयावाल्या बायका किती होत्या, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि पंडिता रमाबाई. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे देशभर फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. बायकांनी जमायचं, माहिती वाचायची, दहा वर्षं वर्गणी द्यायची. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. बॉस्टनच्या बायकांना हे गावोगावचं जाळं कसं विणायचं ते शिकवावं लागलं नाही. अर्ध्या शतकाची सवय होती. रमाबाईंनीही अमेरिकेवरच्या आपल्या मराठी पुस्तकात तिथल्या स्त्रियांच्या संस्थांवर किती बारकाईनं लिहिलंय, ते जरूर बघा.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात आईच्या, आजीच्या मंडळाची, शिवणवर्गाची, भिशीची जुनी वही असेल तर रद्दीत घालू नका. निदान फोटो काढून ठेवा आणि पहिल्या पानावर कुणाचं अक्षर आहे ते लिहून ठेवा. नंतर ओळखणारं कुणी राहत नाही.

चला, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर झालाय, त्यांच्यापासून सुरुवात करू.