पर्जन्य, किनारी प्रवाह आणि समुद्रपातळी : सतीश शेट्ये यांचे संशोधनकार्य

ठाणे आणि कल्याण ही नगरे खुल्या समुद्राच्या काठी वसलेली नाहीत. तथापि भरतीचे पाणी खाडीवाटे त्यांच्या दारापर्यंत पोहोचते. कल्याणचे प्राचीन बंदर याच भरतीच्या बळावर नांदले. उल्हास नदीस पूर आला असता त्याच्या निचऱ्यास हीच भरती अडथळा करते. २६ जुलै २००५ रोजी कल्याण परिसर जलमय झाला, हे स्मरणात असलेल्या प्रदेशास समुद्रपातळी का बदलते हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा वाटणार नाही. भारतीय किनाऱ्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांत सागरविज्ञ सतीश शेट्ये यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

शेट्ये यांचे संशोधन गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे उत्तरेकडे वाहतो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जहाजावरून घेतलेल्या मोजमापांच्या आधारे या प्रवाहाचे वर्णन केले. स्थानिक वारा एवढेच कारण येथे पुरेसे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. १९९२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना लाभले.

पुढे डी. शंकर यांच्यासह १९९९ मध्ये त्यांनी एक उपपत्ती मांडली. मुंबईच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. त्यांतील दशकादशकांचे चढउतार भारतातील मोसमी पर्जन्याच्या चढउतारांशी जुळतात, असे त्यांना आढळले. पर्जन्याचे पाणी नद्यांवाटे समुद्रास मिळते, किनारी प्रवाह ते दूरवर नेतात, त्यामुळे किनाऱ्याच्या पाण्याची क्षारता घटते. आणि कमी क्षारतेचे पाणी हलके असल्याने पातळी उंचावते, अशी ही कार्यकारणपरंपरा होय. याचा अर्थ असा की, मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरील पातळीचा उलगडा त्या किनाऱ्यापुरते पाहून होणार नाही.

२००४ मध्ये शेट्ये संस्थेचे संचालक झाले व २०१२ मध्ये गोवा विद्यापीठाचे कुलगुरू. मांडवी व झुआरी या नदीमुखांवरील २००७ च्या ग्रंथाच्या संपादनातही त्यांचा सहभाग होता. नदी आणि समुद्र यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी तेथेही दिसते.

मुंबईच्या नोंदी ज्यांनी आरंभिल्या, त्यांना हवामानबदलाची कल्पना नव्हती. तरीही शतकाहून अधिक काळ त्या राखल्या गेल्या, म्हणूनच ही उपपत्ती मांडता आली. अशा दीर्घ नोंदींचे सातत्य राखणे हे संशोधनसंस्थांच्या नेतृत्वाचे प्रथम कर्तव्य होय. आणि खाडीकाठच्या नगरांना त्याची गरज सर्वाधिक आहे.