चीन निधीचे बावीस हजार

आमच्या करजगीत दवाखाना म्हटलं की आजही सोलापूर. बस्ता बांधायचा तरी सोलापूरच. मध्ये राज्याची हद्द आहे, पण सोयरिकी कधी तिथं अडल्या नाहीत. 1938 साली आम्ही निजामाच्या मुलखात होतो आणि सोलापूर इंग्रजांच्या. त्या वर्षी सोलापूरचा 27 वर्षांचा एक डॉक्टर चीनला निघाला. गावात वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्याकडे असतं, म्हणून असेल, पण त्या द्वारकानाथ कोटणीसांच्या गोष्टीत मला आधी चीनसाठी जमलेला निधी दिसतो.

जपान 1937 मध्ये चीनवर चालून गेलं. पुढच्या जूनमध्ये त्यांची फौज अडवायला चिनी सरकारनंच होआंग हो नदीचा बांध फोडला. लाखो माणसं दगावली, त्याहून कितीतरी देशोधडीला लागली. चिनी सेनापती चू तेंनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी 30 जूनला आवाहन केलं, 7 ते 9 जुलै देशभर वर्गणी गोळा झाली आणि 22 हजार रुपये जमले.

देणारा देश तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता. सोलापूरनं आठच वर्षांपूर्वी मार्शल लॉ सोसला होता, 1931 च्या जानेवारीत चार हुतात्मे फासावर जाताना पाहिले होते. आधी आपलं बघू, असं म्हणायला त्या माणसांकडे हजार कारणं होती. तरी त्यांनी खिशात हात घातला.

2020 च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला तेव्हा मदतवाटपात मी होतो. टेम्पो भरभरून जुने कपडे आले. आम्हाला हवं होतं प्यायचं पाणी आणि जनावरांना कडबा. कपडे शाळेच्या वऱ्हांड्यात तसेच भिजत पडले. देणाऱ्यांचं मन मोठंच होतं, पण काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं. 1938 मध्ये चीननं डॉक्टर मागितले आणि आपण डॉक्टरच दिले: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. या निधीचं मोल मला इथं दिसतं.

चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याचं कळलं. ते परतले नाहीत. 1939 च्या सुरुवातीला येनानला पोचले, पुढं आघाडीवर गेले, चिनी भाषा शिकले. 1940 च्या लढाईत सलग 72 तास ते शस्त्रक्रिया करत राहिले, असं सांगतात. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. को चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला. तो काही महिन्यांचा असताना, 9 डिसेंबर 1942 ला, फेफऱ्याच्या झटक्यांनी वयाच्या 32 व्या वर्षी कोटणीस गेले. 22 हजार तर केव्हाच संपले असतील. त्या पैशानं पोचलेला माणूस चार वर्षं राबला.

2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला. आपल्या लष्करानं तिथं इस्कंदरूनला रुग्णालय उभारलं. तेव्हा पारावर एकानं मला विचारलं, "आपल्याकडं कमी आहे का, की पैसा परदेशात घालायचा?" मी त्याला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची आठवण करून दिली. त्या पहाटे आमचीही भांडी वाजली होती, आणि किल्लारीला कुठकुठल्या देशांतून मदत आली होती. मग कोटणीसांचं सांगितलं. तो सोलापूरला दर महिन्याला जातो. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक त्यानं पाहिलेलं नव्हतं.